रस्त्याचा हिशेब सभागृहात कोण आणि कसा मागतो?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे रस्ते, पूल आणि रेल्वे यांविषयीची आहेत. कोणी खड्ड्यांनी गांजले आहे, कोणाची जमीन महामार्गात गेली आहे, तर कोणी कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, अहवालावरच्या बातमीचे कात्रण सोबत जोडले आहे. एवढ्या मोठ्या रकमा ज्यांच्या संमतीने खर्च होतात ते आपले लोकप्रतिनिधी त्यांचा जाब विचारतात की नाही, आणि विचारत असतील तर त्याचे पुढे काय होते, हे या सर्वांनाच जाणून घ्यायचे आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ पासून चालू आहे. आमदारांना विचारले की ते म्हणतात, राष्ट्रीय महामार्ग हा दिल्लीचा विषय. खासदारांना विचारले की ते म्हणतात, काम राज्याचे बांधकाम खाते करते. मग उत्तर द्यायचे तरी कोणी? (चिपळूणहून एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : बाई, दोघांनीही आपल्याला अर्धे खरे सांगितले आहे, आणि दोन अर्ध्या उत्तरांच्या मधल्या फटीत हा रस्ता इतकी वर्षे अडकून पडला आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राष्ट्रीय महामार्ग हा केंद्राच्या सूचीतला विषय आहे आणि पैसाही केंद्राचा आहे, त्यामुळे लोकसभेत व राज्यसभेत उत्तर देण्यास केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री बांधलेले आहेत. परंतु पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे होता, तर इंदापूरपासून झारापपर्यंतचे काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे सोपवण्यात आले. काम करवून घेणारी यंत्रणा राज्याची असल्यामुळे विधानसभेत आणि विधान परिषदेत राज्याच्या मंत्र्यांनाही त्याविषयी विचारता येते, आणि वारंवार विचारले गेलेही आहे.

विधिमंडळातल्या तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. ‘अमुक ठिकाणचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ असे विचारले जाते आणि पुष्कळदा ‘हे अंशतः खरे आहे’ असे उत्तर छापून येते. कोणता अंश खरा आणि कोणता नाही, हे उपप्रश्न विचारून काढून घेणे हे सदस्याचे खरे कसब आहे. त्यासाठी त्याने काम कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत आहे, कार्यारंभ आदेश कधी दिला, मुदतवाढ कितीदा दिली आणि दंड किती आकारला, हे आधी वाचून यावे लागते. ज्या दिवशी सदस्य तयारीने आलेला असतो त्या दिवशी मंत्र्यांच्या हातातली टिपणाची चिठ्ठी अपुरी पडते आणि अधिकाऱ्यांच्या कक्षातून दुसरी चिठ्ठी येते. प्रेक्षक सज्जात बसून हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे, आणि अशा दिवशी सभागृहाची किंमत कळते.

लोकसभेत ‘माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ असे उत्तर आले की ते पुसून टाकता येत नाही. त्याची नोंद आश्वासन म्हणून होते, ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते, आणि न केल्यास १५ सदस्यांची शासकीय आश्वासन समिती त्या मंत्रालयाला विचारू शकते. महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. त्यामुळे मंत्र्यांनी सभागृहात महामार्गाची तारीख दिली की ती बातमी म्हणून विसरून जाऊ नये. दिवस, सभागृह आणि नेमके शब्द टिपून ठेवावेत आणि तीन महिने झाले की तोच कागद आपल्या प्रतिनिधीसमोर ठेवावा.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह माणसे वाहून गेली. त्यानंतर त्याच जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. याच महामार्गावर, याच पावसात, याच मातीत तो पूल झाला. सर्वांचे लक्ष एका कामावर खिळून राहिले तर ते वेळेत होते, हे कोकणाने पाहिले आहे; म्हणूनच उरलेल्या कामांबाबत भूगोलाची आणि पावसाची कारणे ऐकून घेताना मला त्रास होतो.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी संसदीय समित्या पाठ करतो, पण लोकलेखा समिती, अंदाज समिती आणि स्थायी समिती यांच्यातला फरक प्रत्यक्षात कसा ओळखायचा? (नाशिकहून एक विद्यार्थी)

उत्तर : लग्नाआधी याद्या होतात तेव्हा कोणी काय करायचे आणि किती करायचे हे ठरते, आणि लग्न झाल्यावर घरातला हिशेबी माणूस वही घेऊन बसतो. विभागांशी संबंधित स्थायी समित्या पहिल्या बैठकीसारख्या आहेत आणि लोकलेखा समिती दुसऱ्या.

स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या. तेव्हा त्या १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत, आणि प्रत्येकीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० सदस्य असतात. रस्ते, बंदरे आणि विमान वाहतूक हे विषय राज्यसभेच्या अखत्यारीतील परिवहन, पर्यटन व संस्कृती समितीकडे आहेत, तर रेल्वेची समिती लोकसभेची आहे. अर्थसंकल्प मांडला गेल्यावर या समित्या मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे त्या वर्षीच्या खर्चासाठी मागितलेल्या रकमा, तपासतात. मात्र रोजच्या कारभारात त्यांनी लक्ष घालू नये असे बंधन आहे. लोकलेखा समिती १९२१ पासून चालत आलेली आहे. तिच्यात लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य निवडून जातात, मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही, आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. ती मुख्यतः झालेल्या खर्चावरचे कॅगचे अहवाल तपासते. अंदाज समितीत लोकसभेचेच ३० सदस्य असतात आणि सरकारी कामात काटकसर व कार्यक्षमता कशी आणता येईल हे ती पाहते.

परीक्षेत कदाचित विचारणार नाहीत, पण आपण लक्षात ठेवावे असे एक सांगतो. मार्च २०२३ मध्ये लोकसभेने सर्व मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना एकत्र मंजूर केल्या; संसदेच्या भाषेत याला गिलोटिन म्हणतात. त्या वर्षी रस्ते मंत्रालयासाठी सुमारे २ लाख ७० हजार कोटी आणि रेल्वेच्या भांडवली खर्चासाठी २ लाख ४० हजार कोटी रुपये होते. सभागृहात त्यांवर कोणी बोलले नाही. खोलीत बसून त्या मागण्या ओळ न ओळ वाचल्या त्या स्थायी समित्यांनी, म्हणून त्यांचे अहवाल हाच त्या वर्षीच्या तपासणीचा खरा लेखी पुरावा उरतो.

प्रश्न : द्वारका द्रुतगती मार्गाचा खर्च किलोमीटरला १८ कोटींवरून २५० कोटींवर गेला, असे कॅगने म्हटल्याचे २०२३ मध्ये वाचले होते. मंत्रालयाने ते फेटाळले. मी स्थापत्य अभियंता आहे आणि मला दोन्ही बाजू अर्ध्या वाटतात. खरे काय समजायचे? (पुण्याहून एक अभियंता)

उत्तर : आपला प्रश्न या सदराच्या मुळाशी जातो, म्हणून त्याला जरा विस्ताराने उत्तर देतो.

अहवाल केंद्राच्या ‘भारतमाला’ या महामार्ग बांधणीच्या योजनेच्या पहिल्या टप्प्याविषयीचा आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये आर्थिक व्यवहारविषयक मंत्रिमंडळ समितीने ३४,८०० किलोमीटर रस्त्यांसाठी ५ लाख ३५ हजार कोटी रुपये मंजूर केले, म्हणजे सरासरी किलोमीटरला १५.३७ कोटी. मार्च २०२३ पर्यंत २६,३१६ किलोमीटरची कामे दिली गेली होती आणि त्यांचा मंजूर खर्च ८ लाख ४६ हजार ५८८ कोटी, म्हणजे किलोमीटरला ३२.१७ कोटी झाला होता. प्रत्यक्ष पूर्ण झालेली लांबी १३,४९९ किलोमीटर होती. माझ्या मते या अहवालातले सर्वांत महत्त्वाचे आकडे हेच आहेत, कारण ते एका रस्त्याचे नाहीत, संपूर्ण कार्यक्रमाचे आहेत. वर्तमानपत्रांनी मात्र एका रस्त्याचा आकडा उचलला आणि वाद तिकडे गेला.

तो रस्ता दिल्ली आणि गुरुग्राम यांना जोडणारा, २९.०६ किलोमीटरचा. त्याच्या बांधकामाचा मंजूर खर्च ७,२८७.२९ कोटी, म्हणून भागाकार २५०.७७ कोटी येतो. त्याच्यासमोर कॅगने ठेवलेला १८.२० कोटींचा आकडा मंत्रिमंडळ समितीच्या मंजुरीतला होता. मंत्रालयाचे म्हणणे असे की तो योजनेतल्या अशा रस्त्यांचा सरासरी दर होता, या रस्त्याचा अंदाज नव्हे. येथे आठ पदरी उन्नत मार्ग आणि बोगदे आहेत. चार टप्प्यांचा सरासरी अंदाज किलोमीटरला २०६.३९ कोटी होता आणि निविदा त्याहून सुमारे १२ टक्क्यांनी कमी, १८१.९४ कोटींना गेल्या. जमिनीवरचा सपाट रस्ता आणि खांबांवरचा आठ पदरी रस्ता यांचे दर एका तागडीत घालता येत नाहीत, हे आपल्यासारख्या अभियंत्याला मी सांगायला नको. तेवढ्यापुरते मंत्रालयाचे उत्तर रास्त आहे, आणि ‘चौदा पट भ्रष्टाचार’ अशी जी भाषा वापरली गेली तिला अहवालात आधार नाही.

पण कॅगचा मूळ आक्षेप दराविषयीचा नव्हताच. उन्नत मार्ग का बांधायचा, याचे समर्थन कागदोपत्री आढळले नाही, असे अहवाल म्हणतो. रोजच्या ५५,४३२ प्रवासी वाहनांसाठी आठ उन्नत मार्गिका ठेवल्या आणि २,३२,९५९ वाहनांसाठी खाली सहाच मार्गिका ठेवल्या, याचे कारण नोंदलेले नाही, असे त्यात लिहिले आहे. निविदा स्वस्त गेली हे या आक्षेपाचे उत्तर होऊ शकत नाही, कारण आक्षेप निविदेच्या अगोदरच्या निर्णयावर आहे. महाराष्ट्रात बांधकाम आणि जलसंपदा खात्यांत काम केलेल्या कोणालाही ‘सुप्रमा’ हा शब्द माहीत आहे. सुधारित प्रशासकीय मान्यता घेताना खर्च का वाढला, दरसूचीमुळे किती, भूसंपादनामुळे किती आणि व्याप्ती बदलल्यामुळे किती, याचा तक्ता जोडावा लागतो. तो तक्ता कितीही रटाळ असला तरी संसदेला नेमका तोच हवा असतो. त्यातला ‘व्याप्तीत बदल’ हा रकाना कोणी आणि कधी भरला, हे ज्या प्रकल्पात सापडत नाही तेथे तपासणीला पुढे सरकता येत नाही.

अशा अहवालाची वाट जरा बारकाईने पाहण्यासारखी आहे. लेखापरीक्षणाचे पथक कार्यालयात बसून फायली आणि मोजमाप पुस्तिका तपासते आणि शंका आली की ती टिपणाने विचारते. जुन्या कचेरीच्या भाषेत त्याला हाफ मार्जिन म्हणतात, कारण कागदाच्या अर्ध्या भागात प्रश्न आणि अर्धा भाग उत्तरासाठी कोरा असतो. समाधान झाले नाही तर त्याचा मसुदा परिच्छेद होऊन मंत्रालयाच्या सचिवांकडे जातो आणि सहा आठवड्यांत उत्तर अपेक्षित असते. छापील अहवालात मंत्रालयाचे उत्तर आणि त्याखाली कॅगचे प्रत्युत्तर दोन्ही येतात. म्हणून अहवाल हाती आला की ‘उत्तर स्वीकारार्ह नाही, कारण’ हे शब्द शोधावेत आणि ‘कारण’च्या पुढचे वाक्य दोनदा वाचावे. बातमीच्या मथळ्यापेक्षा त्या एका वाक्यात अधिक असते.

हा अहवाल २०२३ च्या पावसाळी अधिवेशनाच्या अखेरच्या दिवसांत संसदेत मांडला गेला. राज्यघटनेच्या १५१ व्या अनुच्छेदाप्रमाणे कॅग आपला अहवाल राष्ट्रपतींना देतात आणि तो दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जातो, परंतु तो किती दिवसांत ठेवावा याची मुदत त्या अनुच्छेदात नाही. अहवाल अधिवेशन संपता संपता पटलावर यायचे, ही रीत महाराष्ट्रातही अनेक वर्षे चालत आली आहे, आणि त्यामुळे सदस्यांना तो वाचून चर्चा मागण्यास वेळच उरत नाही. ही मुदत कायद्याने ठरवावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : समित्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. मग त्यांचा उपयोग काय? (सोलापूरहून एक वकील)

उत्तर : बंधनकारक नसतात, पण अनुत्तरित ठेवता येत नाहीत. लोकलेखा समितीच्या अहवालावर सरकारने सहा महिन्यांत आणि स्थायी समितीच्या अहवालावर तीन महिन्यांत काय कारवाई केली हे कळवायचे असते. त्यावर समिती दुसरा अहवाल काढते आणि त्यात शिफारशींची विभागणी करते: ज्या सरकारने मान्य केल्या, ज्या उत्तर पाहून समितीने सोडून दिल्या, ज्यांवरचे उत्तर समितीला पटले नाही, आणि ज्यांवर अजून अंतिम उत्तर आले नाही. लोकसभेत तर २००४ पासून अध्यक्षांचा निर्देश आहे की मंत्र्यांनी आपल्या खात्याशी संबंधित स्थायी समितीच्या शिफारशींची स्थिती दर सहा महिन्यांनी सभागृहात निवेदनाद्वारे सांगावी.

वकील या नात्याने आपण न्यायालयाच्या निकालाशी तुलना करत असाल, पण समितीचे बळ हुकुमात नसून पुन्हा पुन्हा विचारण्यात आहे. मे २०२५ मध्ये केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात कूरियाड येथे राष्ट्रीय महामार्ग ६६ चा बांधकामाधीन भाग खचला, तेव्हा लोकलेखा समितीने मंत्रालयाच्या आणि प्राधिकरणाच्या अधिकाऱ्यांना बोलावून त्याविषयी विचारणा केली. चिपळूणच्या बाईंचा आणि कूरियाडचा रस्ता एकच आहे. तो पनवेलला सुरू होऊन कन्याकुमारीला संपतो. केरळच्या प्रतिनिधींनी ज्या तातडीने ते काम हाती घेतले तीच तातडी आपल्या प्रतिनिधींकडून मागण्याचा हक्क कोकणातल्या माणसालाही आहे.

प्रश्न : रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प बंद झाल्यापासून संसदेचे रेल्वेकडे लक्ष कमी झाले का? आम्ही रोज लोकलने जातो. (डोंबिवलीहून एक नोकरदार महिला)

उत्तर : रेल्वेचा हिशेब १९२४ मध्ये वेगळा झाला आणि २०१७-१८ पासून पुन्हा सर्वसाधारण अर्थसंकल्पात आला. त्यापूर्वी वर्षातून एकदा देशभरातले खासदार केवळ रेल्वेवर बोलत, आणि त्या भाषणांत आपल्या स्थानकाच्या पुलापासून पाण्याच्या नळापर्यंत सारे येई. ते निमित्त गेले, हे खरे आहे. पण त्या काळी नव्या गाड्यांच्या घोषणांवर टाळ्या वाजत आणि जुन्या रुळांच्या नूतनीकरणावर फार कोणी बोलत नसे, हेही खरे आहे.

बारीक तपासणी आजही शक्य आहे. २०१७-१८ मध्ये पाच वर्षांत १ लाख कोटी रुपये सुरक्षिततेवर खर्च करण्यासाठी राष्ट्रीय रेल संरक्षा कोष निर्माण झाला. त्यात दर वर्षी १५ हजार कोटी सरकारने आणि ५ हजार कोटी रेल्वेने स्वतःच्या उत्पन्नातून घालायचे होते. गाड्या रुळांवरून घसरण्याविषयीचा कॅगचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत आला, आणि त्यात आढळले की पहिल्या चार वर्षांत रेल्वेने स्वतःचे जे २० हजार कोटी घालायला हवे होते त्यांतले १५,७७५ कोटी घातलेच नाहीत. सहा महिन्यांनी, २ जून २०२३ रोजी, ओडिशात बालासोरजवळ तीन गाड्यांचा भीषण अपघात झाला तेव्हा अनेकांनी हा अहवाल पुढे केला. येथे काळजीने बोलले पाहिजे, कारण त्या अपघाताच्या चौकशीत सिग्नल यंत्रणेतल्या दुरुस्तीची चूक आढळली, रुळांची नाही. तरीही सुरक्षिततेसाठी बाजूला काढण्याचे ठरलेले पैसे बाजूला काढले का, हा प्रश्न अपघात होण्याची वाट न पाहता विचारायचा असतो.

आपल्यासाठी एक सोपा मार्ग सांगतो. अर्थसंकल्पासोबत रेल्वेची कामनिहाय यादी प्रसिद्ध होते, तिला पिंक बुक म्हणतात. आपल्या भागातले काम तीत शोधावे. एखाद्या कामासमोर कोट्यवधींच्या अंदाजित खर्चाच्या रकान्यानंतर चालू वर्षासाठी केवळ १ हजार रुपयांची नाममात्र तरतूद दिसली, तर ते काम यादीत जिवंत आहे पण या वर्षी होणार नाही, असे समजावे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. तो पूल गर्दीला पुरत नाही हे त्यावरून रोज जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. प्रवाशांना ठाऊक असलेली गोष्ट त्या रकान्यापर्यंत पोहोचवणे हे खासदाराचे काम आहे, आणि त्यासाठी पान क्रमांकासह पत्र लिहिणारा मतदार त्याला हवा असतो.

प्रश्न : आमच्याकडे एचएस२ या अतिवेगवान रेल्वेमार्गावरून अधिकाऱ्यांची उलटतपासणी थेट प्रक्षेपणात पाहायला मिळते. भारतात तसे का नाही? (लंडनहून एक वाचक)

उत्तर : लोकसभेच्या नियमांप्रमाणे समित्यांच्या बैठका खासगीत होतात आणि साक्षीचे इतिवृत्त सभागृहात मांडले जाईपर्यंत गोपनीय असते. दार बंद असले की सदस्य पक्ष विसरून बोलतात, असा त्यामागचा युक्तिवाद आहे आणि तो पोकळ नाही. बहुतेक अहवाल एकमताने होतात त्याचे ते एक कारण आहे. पण ब्रिटनची लोकलेखा समिती १८६१ पासूनची, आणि आपली समिती तिच्याच वळणावर घडलेली. तेथे सचिवांची साक्ष उघड होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमच्या उत्तरेकडचा टप्पा रद्द झाल्यावर काही महिन्यांतच त्या समितीने उरलेला प्रकल्प पैशाच्या मानाने फारच कमी मोलाचा ठरतो, असे स्पष्टपणे लिहिले आणि लोकांनी त्यामागची प्रश्नोत्तरे स्वतः ऐकलेली होती. अहवालावरचा विचारविनिमय बंद खोलीत राहू द्यावा, पण अधिकाऱ्यांची साक्ष तरी भारतात खुली व्हावी, असे माझे मत आहे.

प्रश्न : समृद्धी महामार्गात आमची जमीन गेली. त्याचा हिशेब संसदेत होतो का? (बुलढाणा जिल्ह्यातून एक शेतकरी)

उत्तर : नाही, दादा. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता राज्याच्या रस्ते विकास महामंडळाने बांधला आहे, त्यामुळे जाब विचारण्याची जागा मुंबईचे आणि नागपूरचे विधिमंडळ आहे. महामंडळ ही सरकारी मालकीची कंपनी असल्यामुळे तिचे लेखापरीक्षण कॅगच्या देखरेखीखाली होते, अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळात येतो, आणि तो सार्वजनिक उपक्रम समितीपुढे जाऊ शकतो. या अहवालांची मराठी प्रतही निघते. महामंडळाने काढलेले कर्ज राज्याच्या अर्थसंकल्पात थेट दिसत नाही, पण त्याला राज्य सरकारची हमी असेल तर ती हमीच्या विवरणात दिसते. आमदारांनी तेथे पाहायला हवे.

१ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी दगावले, ते आपल्या जिल्ह्याने पाहिले. अशा घटनेवर लक्षवेधी सूचना येते, मंत्री निवेदन करतात आणि उपाय सांगतात. ते उपाय म्हणजेच आश्वासन. आपल्या मोबदल्याविषयीचे गाऱ्हाणे मात्र व्यक्तिगत असल्यामुळे त्याची दाद भूसंपादन कायद्याप्रमाणेच मागावी लागेल, आणि तीत मुदतीला महत्त्व असते, म्हणून ते काम सभागृहाच्या भरवशावर ठेवू नये.

प्रश्न : आमच्या गावाजवळ महामार्गाच्या एका वळणावर वारंवार अपघात होतात. आम्ही गावकरी थेट संसदेकडे अर्ज करू शकतो का? (गोव्यातील पेडणे तालुक्यातून एक वाचक)

उत्तर : करू शकता. दोन्ही सभागृहांच्या याचिका समित्या आहेत आणि सार्वजनिक हिताच्या विषयावर कोणाही नागरिकांना याचिका देता येते. ती खासदारामार्फत मांडायची तर तीवर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक सदस्य आहेत, त्यांपैकी ज्या सभागृहाकडे याचिका द्यायची तेथल्या सदस्याकडे जावे. लोकसभेसाठी ती हिंदीत किंवा इंग्रजीत हवी. कोकणीत वा मराठीत लिहिली तर त्यांपैकी एका भाषेतला अनुवाद सही करून सोबत द्यावा. तोच विषय न्यायालयापुढे असेल तर समिती तो घेत नाही, म्हणून त्या वळणाविषयी कोणी जनहित याचिका दाखल केली आहे का, हे आधी विचारून घ्यावे. याशिवाय परिवहनविषयक स्थायी समिती एखादा विषय अभ्यासासाठी घेते तेव्हा जाहिरात देऊन लोकांकडून लेखी सूचना मागवते. त्यासाठी खासदाराची सही लागत नाही, पण मुदत सहसा पंधरवड्याचीच असते.

अर्जात एकच मागणी ठेवावी आणि भाषा आदराची असावी. त्या वळणाचा किलोमीटर क्रमांक, काम कोणत्या यंत्रणेकडे आहे आणि ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी अजून चालू आहे का, हे लिहावे. तो चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते आणि निधी नाही हे कारण तेथे चालत नाही. आपण माझ्याकडे पाठवलेली छायाचित्रे आणि पंचायतीची पत्रे याचिकेला जोडू नयेत, कारण कागदपत्रे जोडण्यास नियमांची मनाई आहे. ती सही घेताना खासदारांच्या हाती वेगळी द्यावीत.